पिंड नको, पांघरूण द्या

(रविवारच्या वंदनेनंतर विहारात दिलेले प्रवचन)



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या भूमीवर आपल्या समाजाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत श्राद्धपक्ष न करण्याची आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांनी ही प्रतिज्ञा लवकर अमलात आणली. पितृपक्षातला खर्च थांबला, कावळ्याची वाट पाहणे थांबले. हे योग्यच झाले. परंतु जुने सोयरे आपल्याला एक प्रश्न विचारतात. ते म्हणतात, "मग तुम्ही आईबापांसाठी आता करता तरी काय?" या प्रश्नाला रागावण्याचे कारण नाही. मेलेल्या बापासाठी काय करायचे नाही एवढेच आपण शिकलो, आणि जिवंत बापासाठी काय करायचे ते शिकलो नाही, तर आपली प्रतिज्ञा अर्धीच राहिली असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न मी आज हिवाळ्याच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडतो. आपल्या विदर्भातली थंडी लहानसहान नसते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरीही आपण थंडीला उन्हाइतके भीत नाही. आपली घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली, आपले कपडे उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतलेले. उन्हाचा तडाखा बसून माणूस दगावला तर गावभर बातमी होते. पौषातल्या पहाटे एखादा म्हातारा गेला तर लोक म्हणतात, "वय झालं होतं, सुटला बिचारा." आणि तेथेच विचार संपतो.

बौद्धाचा विचार तेथे संपता कामा नये. कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची मूळ शिकवण आहे. म्हातारपण हे एक कारण झाले. पण त्या रात्रीची गार फरशी, दाराच्या फटीतून येणारा वारा, अंगावरचे ओलसर लुगडे, न जेवता झोपलेले पोट, ही सुद्धा कारणे आहेत. म्हातारपण आपल्याला काढून टाकता येत नाही. बाकीची कारणे काढता येतात. जी कारणे काढता येत होती ती न काढता "वय झालं होतं" म्हणणे म्हणजे पुन्हा नशिबाच्या गोष्टी करणे होय.

तथागत उन्हात बसले होते

संयुत्तनिकायात जरासुत्त म्हणून एक लहानसे सुत्त आहे. भगवान बुद्ध तेव्हा श्रावस्तीला, विशाखा मिगारमातेने बांधून दिलेल्या पूर्वाराम विहारात राहत होते. वय झाले होते. सायंकाळी ध्यानातून उठल्यावर ते मावळतीच्या उन्हाकडे पाठ करून अंग शेकत बसले होते. आनंद त्यांचे हातपाय चोळू लागले. चोळता चोळता त्यांच्या ध्यानात आले की भगवंतांची कांती पूर्वीसारखी राहिली नाही, अंगाला सुरकुत्या पडल्या आहेत, शरीर पुढे वाकले आहे. त्यांनी तसे बोलून दाखवले. तथागतांनी ते नाकारले नाही. तारुण्यात म्हातारपण आणि आरोग्यात आजार दडलेलाच असतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

ज्याला आपण सम्यक संबुद्ध म्हणतो त्याच्याही पाठीला उन्हाची ऊब लागत होती, हे नव्या बौद्ध कुटुंबाने मनावर कोरून ठेवावे. आपल्या घरातली आजी उन्हात बसली की सून म्हणते, "दिवसभर बसूनच असते." ती बसलेली नाही, ती जगण्यासाठी ऊब गोळा करते आहे. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले मांस आणि कातडीखालची चरबी कमी झालेली असते, त्यामुळे शरीर उष्णता कमी तयार करते आणि लवकर गमावते. तरुणाला थंडी वाजली की तो थरथरतो आणि त्या थरथरीने अंग तापते. म्हाताऱ्याची ही थरथर मंद झालेली असते. त्याहून मोठी गोष्ट अशी की थंडी वाजते आहे ही जाणीवच वयाबरोबर बोथट होते. म्हणून "मले नाई लागत थंडी, पोराईले दे पांघरूण," असे आजी म्हणते तेव्हा ती नातवांवर माया करते हे खरे. पण तिचे शरीर तिला खरी बातमी देत नाही हेही खरे. तिच्या शब्दावर जाऊ नका. तिच्या पोटावर आणि पाठीवर हात ठेवून पाहा. हातपाय गार असणे थंडीत नेहमीचे आहे. पोट गार लागले तर मात्र धोका समजावा.

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोराने काम करावे लागते. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके आणि लकवे वाढतात ते यामुळे. म्हणून रक्तदाबाची गोळी हिवाळ्यात एक दिवसही चुकू देऊ नये, आणि गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी आणून ठेवाव्यात. छातीत दाब, दम, अचानक तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काही दिसले तर "सकाळी पाहू" म्हणू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

थंडी मोजण्याची रीत

दुसरी गोष्ट विनयपिटकातली, महावग्गातली. भिक्खू चीवरांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर घेऊन चाललेले भगवंतांनी पाहिले. त्यांना वाटले, याला काही मर्यादा घालून दिली पाहिजे. पण किती वस्त्रे पुरेत हे त्यांनी बसल्या जागी ठरवले नाही. वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ, माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या ऐन कडाक्याच्या रात्री, हिम पडत असताना ते उघड्यावर बसले. अंगावर एकच वस्त्र होते आणि थंडी वाजली नाही. रात्रीचा पहिला प्रहर संपताना थंडी वाजली, त्यांनी दुसरे वस्त्र घेतले. मधला प्रहर संपताना तिसरे घेतले. शेवटचा प्रहर संपून उजाडू लागले तेव्हा चौथे घ्यावे लागले. मग त्यांनी नियम केला: बाहेरची संघाटी दुहेरी, उत्तरासंग एकेरी, अंतरवासक एकेरी. म्हणजे वस्त्रे तीन, पण पदर चार. स्वतःच्या अंगावर मोजून पाहिलेला असा हा नियम आहे.

मी शाळेत मुलांना शिकवतो तेव्हा सांगतो की प्रयोग करून पाहिल्यावाचून मत देऊ नये. त्या रात्रीच्या प्रयोगातून आपल्याला दोन धडे मिळतात.

पहिला धडा असा की रात्री दहा वाजता पुरणारे पांघरूण पहाटे चार वाजता पुरत नाही. सर्वांत जास्त थंडी उजाडण्याच्या सुमारास असते आणि त्या वेळी घरातले सगळे झोपेत असतात. म्हातारे माणूस उठून पेटीतून पांघरूण काढीत नाही. ते तसेच अंग चोरून पडून राहते. म्हणून एक जादा गोधडी किंवा घोंगडी त्याच्या पायथ्याशी, हाताला येईल अशी ठेवावी. घरात कोणी रात्री उठले की आजीच्या अंगावर पांघरूण आहे की घसरले आहे, हे पाहून मगच पुन्हा झोपावे.

दुसरा धडा पदरांचा. एक जाड ब्लँकेट अंगावर टाकण्यापेक्षा दोन-तीन पातळ पदर जास्त ऊब देतात, कारण पदरांच्या मधली हवा गरम राहते. बंडी, तिच्यावर सदरा, सदऱ्यावर स्वेटर. आजीला लुगड्याच्या आत बाह्यांचे पोलके. डोक्याला कानटोपी किंवा मफलर, पायांत मोजे. आणि अंगावर जेवढे, तेवढेच अंगाखाली असावे. सिमेंटची फरशी रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. खाट असली तरी तिच्या विणीतून खालचा वारा लागतो. म्हणून खाटेवर आधी पोते किंवा वर्तमानपत्रांचे थर, त्यावर जुनी गोधडी, मग चादर. ज्यांच्या गावात धान होते त्यांनी तणसाचा थर घालावा. त्याला पैसा पडत नाही.

घरकुल कोणाचे?

येथे एक कडू गोष्ट बोलतो. माता रमाईच्या नावाने राज्य सरकारची घरकुल योजना आहे, आणि त्या योजनेतून आपल्या वस्त्यांत अनेक पक्की घरे उभी राहिली. घर झाले की आतली खोली मुलाची, दुसरी खोली नातवांच्या अभ्यासाची आणि टीव्हीची होते. म्हातारे आईबाप जुन्या कुडाच्या खोपटात, नाहीतर ओसरीवर टिनाच्या छपराखाली. "त्यांना मोकळ्यावर बरं वाटतं," असे आपण म्हणतो. चैत्र-वैशाखात ते खरे असेल. मार्गशीर्ष-पौषात ते खरे नाही. रमाईच्या नावाच्या घरात आईची खाट ओसरीवर असावी, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही. दिवाळीनंतर म्हाताऱ्यांची खाट आत घ्यावी आणि होळीपर्यंत ती बाहेर काढू नये. खोली एकच असेल तर वाऱ्याच्या बाजूला तरुणांनी झोपावे.

त्याचप्रमाणे, श्रावणबाळ योजनेचे पैसे ज्यांच्या खात्यात येतात ते पैसे त्यांचे आहेत. त्यातून आधी त्यांचे स्वेटर, त्यांची औषधे, त्यांचा चष्मा. मग उरले तर घरखर्च. आईबापांना सांभाळण्याची सक्ती करणारा कायदा देशात २००७ सालापासून आहे, आणि वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे. ज्या म्हाताऱ्यांना घरात छळ सोसावा लागतो त्यांनी त्याचा उपयोग जरूर करावा. पण बौद्धाच्या घरात कायद्याची वेळ येऊ नये.

पूर्व दिशा

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्ताची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. राजगृहाबाहेर सिगाल नावाचा तरुण भल्या सकाळी, ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी, सहा दिशांना हात जोडीत होता. बापाने मरताना सांगितले म्हणून तो हे करीत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्या अर्थाप्रमाणे आईबाप म्हणजे पूर्व दिशा. आणि मुलाच्या पाच कर्तव्यांतले पहिले हे की ज्यांनी मला पोसले त्यांना मी पोसावे.

सिगालाची ओली वस्त्रे आपल्या घरांत अजून आहेत. पुष्कळ म्हाताऱ्या बायका भर थंडीत पहाटे पाचला गार पाण्याने अंघोळ करतात. अंघोळ झाल्यावाचून चहा घ्यायचा नाही ही जुनी सवय असते. धर्म बदलला तरी सवय बदललेली नसते. आता त्यांना समजावून सांगावे की भल्या पहाटेच्या गार पाण्यात काही पुण्य नाही. हिवाळ्यात त्यांची अंघोळ अकरा-बाराला, ऊन तापल्यावर, कोमट पाण्याने व्हावी. पाणी किती गरम आहे ते आपल्या कोपराने पाहावे. बादलीत विजेचा रॉड घालून पाणी तापवीत असाल, तर बटण बंद करून आणि पिन काढूनच पाण्याला हात लावावा. हे काम म्हाताऱ्यांवर सोपवू नये. अंग पुसून लगेच कोरडे कपडे द्यावेत, केस ओले ठेवू नयेत.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांनीही सूर्य वर आल्यावरच बाहेर पडावे. चहा घेतल्यावाचून आणि डोके-कान झाकल्यावाचून जाऊ नये.

पोसणे म्हणजे वेळेवर आणि ऊन ऊन देणे. सकाळची भाकरी रात्री म्हाताऱ्यांच्या ताटात टाकू नये. गरम वरण, ज्वारीची ताजी भाकरी, भाजी, थोडा गूळ आणि तीळ, झोपण्यापूर्वी गरम दूध किंवा नुसता गरम काढा. एवढे आपल्या घरात होऊ शकते. रिकाम्या पोटाला ऊब धरता येत नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारे पाणी पीत नाहीत, शिवाय रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून मुद्दाम टाळतात. त्यांना दिवसभरात कोमट पाणी आठवणीने द्यावे. रात्री उठण्याची भीती घालवण्यासाठी उशाशी बॅटरी, वाटेत दिवा, आणि चालवत नसेल तर खाटेजवळ भांडे ठेवावे. अंधारात पाय घसरून मांडीचे हाड मोडलेली कितीतरी माणसे पुन्हा खाटेवरून उठत नाहीत.

विस्तव आणि दारू

ऊब म्हटली की शेकोटी आली. याही बाबतीत विनयात एक प्रसंग आहे. भग्ग देशात भेसकळावनात भिक्खू राहत असताना हिवाळ्यात त्यांनी एक मोठे पोकळ लाकूड पेटवले आणि शेकत बसले. त्या पोकळीत काळा साप होता. आग लागताच तो बाहेर निघून अंगावर आला आणि भिक्खू सैरावैरा पळाले. तेव्हा भगवंतांनी शेकण्यासाठी विस्तव पेटवण्याला मनाई केली. पुढे आजाऱ्यांना मात्र मोकळीक दिली. विस्तवाची गरज आजारी आणि दुर्बळ माणसाला आहे हे त्यांनी मानले. पण विस्तवात काय दडलेले आहे हे पाहायलाही शिकवले.

आपल्या शेगडीत साप नसतो, पण तितकेच घातक दुसरे काही असते. दारे-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते. म्हणून शेगडी बाहेर पेटवावी, खोलीत आणलीच तर खिडकी उघडी ठेवावी, आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊन विझवावी. खाटेखाली निखारे ठेवण्याची चाल तर अगदी बंद करावी. चुलीजवळ शेकताना आजीचा पदर आणि शाल खोचलेली आहे ना, हे पाहावे. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली द्यायची तर फडक्यात गुंडाळूनच द्यावी. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायांना चटका कळत नाही. सकाळी फोड आलेले दिसतात आणि त्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत.

आणि आता दारूबद्दल. "थंडीचे दिवस आहेत, म्हाताऱ्याला घोटभर दिली तर काय झालं?" असे सांगणारे आपल्यातही आहेत. पंचशीलातले पाचवे शील मोडले, एवढेच येथे सांगून मी थांबत नाही. शरीराचे कारणही सांगतो. दारूने कातडीकडे रक्त धावते, म्हणून घटकाभर गरम वाटते. पण तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि अंग आतून गार पडते. वर शुद्ध कमी झालेली, त्यामुळे पांघरूण घेण्याचेही भान राहत नाही. पाचवे शील पाळणे आणि म्हाताऱ्याचा जीव राखणे ही येथे एकच गोष्ट आहे.

ही बाधा नाही

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी पुढची गोष्ट मी विशेष महत्त्वाची मानतो. गार रात्रीनंतर कधी म्हातारे माणूस भलतेच बोलू लागते, माणसे ओळखत नाही, जीभ जड होते, झोपेतून नीट उठत नाही. अशा वेळी शेजारचे कोणी तरी म्हणते, "बाहेरचं झालं, अंगारा लावा." देव सोडले असले तरी भीती लगेच सुटत नाही; आणि मांत्रिकाकडे जाण्यात सकाळची वेळ निघून जाते.

ही बाधा नाही. माणसाच्या अंगाची उष्णता साधारण ३७ अंश असते. ती ३५ अंशांच्या खाली गेली की मेंदू आणि हृदय मंद पडू लागतात. थरथरणारे माणूस थरथरायचे थांबले आणि गप्प झाले, तर ते बरे झाले असे समजू नये; ती जास्त वाईट खूण आहे. अशा वेळी वारा लागणार नाही अशा खोलीत न्यावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत. आधी छाती, पोट आणि डोके गरम पांघरुणांनी झाकावे. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत, विस्तवाजवळ नेऊ नये, ओढाताण करू नये. हळुवारपणे उचलावे आणि १०८ ला फोन करावा. ताप, खोकला, दम किंवा साखर कमी होणे यांनीही माणूस असेच बरळते. कोणत्याही कारणाने असो, जागा दवाखान्याची आहे. हिवाळ्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारून घ्यावे. जन्मभर चुलीचा धूर गिळलेल्या आपल्या आयाबायांची छाती आधीच कमकुवत असते.

आधी घास, मग धम्म

काही घरांत तरुणांनी दीक्षा घेतली आहे आणि म्हातारी अजून देव्हाऱ्यापुढे बसते. त्यावरून वाद होतात, अबोला धरला जातो, आणि अबोल्यात पांघरूणही विसरले जाते. अशा तरुणांसाठी एक कथा सांगतो. आळवी नगरात एक गरीब शेतकरी तथागतांचा उपदेश ऐकायला निघाला होता. त्याचा बैल हरवला. तो शोधता शोधता दिवस गेला आणि तो उपाशीपोटी सभेत पोहोचला. सगळे उपदेशाची वाट पाहत होते. तथागतांनी आधी त्या शेतकऱ्याला जेवू घालायला लावले, आणि त्याचे पोट भरल्यावर धम्म सांगितला.

मुलांनो, कुडकुडणाऱ्या आईला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवू नका. "माय, आत चाल, खाट आत घेतली," एवढे म्हणा. तिने उभ्या आयुष्यात तुमची शाळेची फी भरली ती दुसऱ्याच्या शेतात निंदण करून. माझ्यासारखी माणसे घरातली पहिली पदवी घेऊन आज तुमच्यापुढे उभी आहेत ती अशाच हातांच्या जोरावर. तिने देव्हारा ठेवला की काढला, यावर तिच्या पांघरुणाचा जाडपणा ठरू नये. तुमचा नवा धम्म तिला ग्रंथातून कळणार नाही कदाचित. तुमच्या हातातून कळेल.

विहाराचे काम

एकदा भगवंतांना एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला आढळला. कोणी त्याची सेवा करीत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. नंतर त्यांनी भिक्खूंना सांगितले की येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा त्यांचा आदेश आहे. "उपयोगी पडत नाही" हे कारण त्यांनी मान्य केले नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत आपणही ते मान्य करू नये.

ज्यांची मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत असे एकटे वृद्ध प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांची यादी विहारात करावी. तरुण मंडळाने पाळी लावून रोज सकाळी सात वाजता आणि रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे दार वाजवावे, दोन शब्द बोलावे, चूल पेटली की नाही ते पाहावे. मुलांनी दुरून रोज फोन करावा, महिन्यातून एकदा पैसे पाठवून मोकळे होऊ नये. महिला मंडळाने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून विहारात ठेवाव्यात. हिवाळ्यात वंदना पहाटे न ठेवता उन्हे आल्यावर ठेवावी, आणि म्हाताऱ्यांना फरशीवर न बसवता सतरंजी किंवा खुर्ची द्यावी.

आपले मोठे दिवस हिवाळ्यातच येतात. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. म्हातारी माणसे हट्टाने निघतात आणि त्यांना अडवू नये. त्या वाटेनेच ती आयुष्यभर चालत आली आहेत. पण त्यांना एकटे पाठवू नये. मुंबईत थंडी कमी असली तरी रेल्वेच्या डब्यात रात्रभर वारा लागतो. बरोबर एक तरुण, एक घोंगडी, कानटोपी, चार दिवसांच्या गोळ्या, आणि खिशात नाव, गाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.

धम्मबंधूंनो, अंगुत्तरनिकायात सांगितले आहे की आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन मुलगा शंभर वर्षे वागवीत राहिला, त्यांची सारी सेवा केली, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धेकडे, शीलाकडे, दानाकडे आणि प्रज्ञेकडे नेले तरच ते फिटते. शंभर वर्षे खांद्यावर घेणे आपल्याच्याने होणार नाही. हिवाळ्याचे तीन महिने खाट आत घेणे होईल. १९५६ साली विशीत ज्यांनी दीक्षा घेतली ते आज नव्वदीच्या घरात आहेत. ते थोडेच उरले आहेत. सोयऱ्यांनी पुन्हा विचारले की तुम्ही आईबापांसाठी काय करता, तर त्यांना आपल्या घरात बोलवा आणि आईची खाट कोठे आहे ते दाखवा.

आज घरी गेल्यावर, जेवण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणावर हात फिरवून पाहावा. ते खालून गार लागले तर आजचे प्रवचन तेथून सुरू करावे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!